संसदीय कारकीर्द कशी लिहावी: प्रा. मधु दंडवते यांचं उदाहरण घेऊन

स्मरणिका असो, महाविद्यालयातला प्रकल्प असो की विकिपीडियावरचं पान, जुन्या खासदारावरचे लेख बहुतेक वेळा एकाच साच्यातले असतात. जन्मगाव, चळवळ, तुरुंगवास, 'सलग अमुक वेळा निवडून आले', मग अभ्यासू, लढाऊ, निष्कलंक अशी विशेषणं. ही विशेषणं कितीही खरी असली तरी हा माणूस संसदेत वीस वर्षं नेमकं काय करत होता, हे त्यातून कळत नाही. ते कळतं संसदेच्याच कागदांतून, आणि हे कागद आता बरेचसे घरबसल्या मिळतात. फक्त ते वाचायची रीत माहीत हवी.

उदाहरणाला प्रा. मधु दंडवते घेऊ. जन्म 21 जानेवारी 1924, अहमदनगर. निधन 12 नोव्हेंबर 2005, मुंबई. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. 1970-71 मध्ये विधान परिषदेचे सदस्य, मग राजापूर मतदारसंघातून सलग पाच वेळा लोकसभेवर. रेल्वेमंत्री आणि अर्थमंत्री. इंद्रजित गुप्तांसारखे अकरा वेळा निवडून आलेले खासदार आहेतच, पण शिकायला दंडवत्यांची कारकीर्द सोयीची. विरोधी बाक, तुरुंग आणि मंत्रिपद हे सगळं तिच्यात आहे, आणि लिहिणाऱ्याचा पाय घसरावा अशा जागाही भरपूर आहेत.

आधी सांगाडा, मग माणूस

एक्सेलची शीट उघडा किंवा आखीव वही घ्या. पाच रकाने पाडा: पासून, पर्यंत, पद, पुरावा, शंका. शेवटचा रकाना टाळू नका. दोन ठिकाणी दोन तारखा सापडल्या की त्या दोन्ही तिथे लिहायच्या, मनानेच एक निवडून दुसरी खोडायची नाही.

पहिल्या ओळी लोकसभांच्या मुदतींच्या भरा:

पाचवी: 15 मार्च 1971 ते 18 जानेवारी 1977
सहावी: 23 मार्च 1977 ते 22 ऑगस्ट 1979
सातवी: 10 जानेवारी 1980 ते 31 डिसेंबर 1984
आठवी: 31 डिसेंबर 1984 ते 27 नोव्हेंबर 1989
नववी: 2 डिसेंबर 1989 ते 13 मार्च 1991

'1971 ते 1991 अशी वीस वर्षं खासदार' हे वाक्य सर्रास लिहिलं जातं. वरच्या मुदतींची बेरीज सुमारे 19 वर्षं 5 महिने भरते. 1979 च्या ऑगस्टपासून 1980 च्या जानेवारीपर्यंत लोकसभाच अस्तित्वात नव्हती, त्यामुळे त्या काळात कुणीच लोकसभेचा खासदार नव्हता. 'सुमारे साडेएकोणीस वर्षं' लिहिलंत तर कुणी बोट ठेवणार नाही. शिवाय लोकसभा गठित झाल्याची तारीख आणि सदस्याने शपथ घेतल्याची तारीख एकच असते असं नाही. शपथेची तारीख हवी असेल तर पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीच्या दिवसांचं कामकाज पाहा, तिथे नावं छापलेली असतात.

पहिल्याच निवडणुकीपाशी बरेच जण फसतात. बॅ. नाथ पै 1957 पासून राजापूरचे खासदार होते. 18 जानेवारी 1971 ला त्यांचं निधन झालं आणि त्याच मार्चमध्ये दंडवते निवडून आले. म्हणून 'नाथ पैंच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण चौथी लोकसभा 27 डिसेंबर 1970 लाच विसर्जित झाली होती. जागा रिकामी व्हायला सभागृहच नव्हतं, तर पोटनिवडणूक कुठून येणार? ती देशभरातली मध्यावधी निवडणूक होती. लोकांच्या आठवणीत दोन घटना शेजारी आल्या की त्यांचा कार्यकारणभाव आपोआप तयार होतो. असे सांधे तारखा लावूनच तपासावे लागतात.

भूगोलाचंही तसंच. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला झाला. त्याआधीच्या तीन निवडणुकांबद्दल लिहिताना सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण हे सगळं रत्नागिरी जिल्ह्यातच ठेवा. राजापूर हा लोकसभा मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेत गेला, आता तिथे रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहे. त्यामुळे 'रत्नागिरी-सिंधुदुर्गचे माजी खासदार' असं दंडवत्यांना म्हणता येत नाही.

पक्षाचा रकाना

निवडणूक आयोगाचे 1951 पासूनचे सांख्यिकी अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. त्यातून उमेदवार, मतं आणि पक्षाची आद्याक्षरं उतरवून घ्या. दंडवत्यांच्या पाच विजयांसमोर सरळ नजरेला चार वेगवेगळे पक्ष दिसतील: 1971 ला पीएसपी (प्रजा समाजवादी पक्ष), 1977 ला बीएलडी (भारतीय लोकदल), 1980 आणि 1984 ला जेएनपी (जनता पक्ष), 1989 ला जेडी (जनता दल). हे बघून कुणी 'तीन वेळा पक्ष बदलणारे' असा निष्कर्ष काढला तर तो साफ चुकेल.

1971 च्या विजयानंतर काही महिन्यांतच प्रजा समाजवादी आणि संयुक्त समाजवादी पक्ष एकत्र येऊन समाजवादी पक्ष झाला. 1977 ला जनता पक्ष घाईघाईत उभा राहिला आणि देशात बहुतेक ठिकाणी भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढला, म्हणून आयोगाच्या तक्त्यात त्याच्या उमेदवारांपुढे बीएलडी येतं. 1988 ला जनता दल झालं. म्हणजे माणूस एकाच प्रवाहात राहिला, बदलत गेल्या त्या पाट्या. तक्त्यातली आद्याक्षरं तशीच उतरवा, पण बाजूला एका ओळीत विलीनीकरण लिहा. पक्षांतरबंदी कायदा 1985 चा आहे, त्याआधीच्या फुटी-विलीनीकरणांना आजचे निकष लावू नका.

उमेदवाराच्या मालमत्तेचं किंवा गुन्ह्यांचं प्रतिज्ञापत्र शोधत बसू नका. ती पद्धत 2003 पासूनची. खासदार निधीही डिसेंबर 1993 पासूनचा. दंडवते 1991 ला हरले, त्यामुळे 'आपल्या खासदार निधीतून त्यांनी शाळा बांधली' असं वाक्य कुठल्या गावच्या स्मरणिकेत दिसलं, तर शाळा खरी असेल, निधी नव्हे.

वादविवादाचे खंड कसे वाचावेत

संसद डिजिटल लायब्ररीवर लोकसभेच्या कामकाजाचे जुने खंड स्कॅन करून ठेवलेले आहेत. शोधचौकटीत आडनाव टाकून जे येईल त्यावर विसंबू नका. जुन्या छपाईवरून यंत्राने ओळखलेला मजकूर कच्चा असतो, निम्मी नावं निसटतात. शिवाय सातव्या लोकसभेत दोन दंडवते होते: मधु दंडवते राजापूरचे आणि प्रमिला दंडवते उत्तर-मध्य मुंबईच्या. पाचव्या-सहाव्या लोकसभेत दोन मधूही आहेत, दुसरे बिहारमधून निवडून आलेले मधु लिमये. एकाचं भाषण दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेलं बऱ्याच ठिकाणी सापडतं. नावाआधी 'प्रो.' आहे की 'श्री' की 'श्रीमती', ते बघूनच नोंद करा.

खात्रीचा रस्ता म्हणजे प्रत्येक अंकाच्या सुरुवातीचं विषयपान. त्या दिवशीचे तारांकित (म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे) प्रश्न, लक्षवेधी सूचना, विधेयकं आणि बोललेल्या सदस्यांची नावं तिथे स्तंभक्रमांकासह असतात. स्तंभक्रमांक म्हणजे पृष्ठक्रमांक नव्हे. पानावर दोन स्तंभ, आणि आकडा स्तंभाला दिलेला. संदर्भ देताना 'पृ. 245' लिहिलंत तर पुढच्या वाचकाला ती जागा सापडणार नाही.

एक पान समोर धरू. वर इंग्रजी तारीख, तिच्या शेजारी शक दिनांक: 29 मार्च 1978 म्हणजे 8 चैत्र 1900. हा राष्ट्रीय सौर शक, त्यातला चैत्र 22 मार्चला लागतो, लीप वर्षी 21 ला. कालनिर्णयातल्या तिथीशी त्याचा मेळ घालायला गेलात तर गोंधळ होईल. खाली तारांकित प्रश्न, क्रमांकाआधी तारा. एका प्रश्नावर पुष्कळदा दोन-तीन सदस्यांची नावं असतात, कारण एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले जातात. त्यातल्या एका नावावर अधिकचं चिन्ह दिसतं. सभागृहात उभं राहून तो प्रश्न प्रत्यक्ष कुणी विचारला, हे त्यावरून कळतं. नुसतं नाव असणं आणि प्रश्न विचारणं यातला फरक या एवढ्याशा खुणेवर आहे, आणि बहुतेकांची नजर तिच्यावरून सरकून जाते.

मंत्र्याच्या उत्तरात 'निवेदन पटलावर ठेवलं आहे' (म्हणजे सभागृहात अधिकृतपणे सादर केलं आहे) असं आलं की ते निवेदन छापलेल्या उत्तराखाली आहे का, ते पाहा. नसेल तर ते पटलावर ठेवलेल्या कागदपत्रांत शोधावं लागतं, आणि त्यासाठी ग्रंथालयाचा क्रमांक तिथेच दिलेला असतो. खरा मजा पूरक प्रश्नांत. लेखी प्रश्न कार्यालयात बसून लिहून घेता येतो, पूरक प्रश्न मात्र मंत्र्याचं उत्तर ऐकून त्याच क्षणी सुचावा लागतो. सदस्य किती तयारीचा होता हे मोजायचं असेल तर त्याच्या दहा भाषणांपेक्षा पाच पूरक प्रश्न वाचा. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं, त्यात सभागृहातलं काही दिसत नाही, पण मतदारसंघाची कामं बहुतेक वेळा तिथेच सापडतात: बंदर, टपाल कार्यालय, रस्ता.

भाषेकडेही लक्ष असू द्या. मूळ आवृत्तीत सदस्य ज्या भाषेत बोलला तीच भाषा छापतात, इंग्रजी आवृत्तीत हिंदी भाषणाचा अनुवाद असतो आणि तसं चिन्ह किंवा तळटीप असते. अनुवादातलं वाक्य अवतरणचिन्हात टाकून 'ते म्हणाले' लिहायचं नाही. 'कामकाजातून काढून टाकलं' असा शेरा असेल तर तो शब्द वर्तमानपत्रातून आणून तिथे बसवू नका. शेरा आहे एवढंच नोंदवा.

मतविभागणीच्या, म्हणजे कुणी कुठल्या बाजूने मत दिलं त्याच्या, याद्या पाहताना शेवटची तळटीप वाचायला विसरू नये. यंत्राचं बटण चुकलेल्या किंवा चिठ्ठीवर मत दिलेल्या सदस्यांची नावं तिथे दुरुस्त केलेली असतात. 7 नोव्हेंबर 1990 ला विश्वनाथ प्रताप सिंग सरकार 142 विरुद्ध 346 असं पडलं. अशा ठरावावर नाव कुठल्या बाजूला आहे हे सहज सांगता येतं, एखाद्या साध्या दुरुस्तीवर मात्र तळटीप बघितल्याशिवाय सांगू नये.

गप्प असलेली वर्षं

प्रश्नांची संख्या काढायला बसलात की काही वर्षं कोरी दिसतील. ती कोरी का, याचं उत्तर लेखात असायला हवं, नाहीतर वाचक आळशीपणाचा ठपका ठेवेल.

एक कारण मंत्रिपद. मंत्री प्रश्न विचारत नाही, तो उत्तरं देतो. दंडवते मार्च 1977 ते जुलै 1979 रेल्वेमंत्री आणि डिसेंबर 1989 ते नोव्हेंबर 1990 अर्थमंत्री होते. या काळात विषयपानावर ते समोरच्या बाजूला शोधायचे. इथल्या तारखांतही फरक सापडतो: मोरारजी देसाईंनी 15 जुलै 1979 ला राजीनामा दिला, पण नवं सरकार येईपर्यंत, म्हणजे 28 जुलैपर्यंत, जुनं मंत्रिमंडळ काम पाहत होतं. तसंच 1990 ला: 7 नोव्हेंबरला सरकार पडलं, 10 ला नवं आलं. पद सोडल्याची तारीख दुसरी धरावी.

दुसरं कारण तुरुंग. आणीबाणी लागू होताच 26 जून 1975 ला बंगळूरमध्ये दंडवते, वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांना पकडलं. पक्षांतराविषयीच्या विधेयकावरील संसदीय समितीच्या बैठकीसाठी ही मंडळी तिथे गेली होती. सदस्याला अटक झाली की ती अध्यक्षांना कळवावी लागते, लोकसभेच्या कार्यपद्धतीचा नियम 229 तोच सांगतो, आणि सुटकेसाठी नियम 230. असं पत्र आलं की ते सभागृहाला सांगितलं जातं आणि कामकाजात छापलं जातं. अटक-सुटकेच्या तारखांसाठी आत्मकथनाआधी हे बघा. जुलै 1975 च्या अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तास आणि अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्यांनी आणलेलं) कामकाज दोन्ही बंदच ठेवलं होतं, त्यामुळे बाहेर असलेल्या सदस्यांचेही प्रश्न सापडत नाहीत. त्या काळच्या वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची कात्री होती. जून 1975 ते जानेवारी 1977 मधलं कात्रण सापडलं तरी त्यात काय नाही, हाच प्रश्न आधी विचारावा.

प्रश्नसंख्या, उपस्थिती, राष्ट्रीय सरासरी असे आकडे देणारी संकेतस्थळं जुन्या लोकसभांसाठी उपयोगाची नाहीत. हातानेच मोजा, आणि काय मोजलं ते लिहा: नाव असलेले सगळे प्रश्न, की अधिकच्या खुणेचे.

श्रेय कुणाचं?

खासदारावरच्या लेखाचा कस इथे लागतो. 'कोकण रेल्वे आणली', 'संगणकीकरण सुरू केलं', 'गाद्या दिल्या' ही तीन वाक्यं दंडवत्यांबद्दल हमखास येतात. प्रत्येक कामासमोर चार शब्द लिहून बघा: मागणी, घोषणा, मंजुरी, पूर्तता. चारही ठिकाणी तारीख आणि नाव टाकायचं.

कोकण रेल्वेच्या पूर्ततेपासून उलटं या. सबंध मार्ग 26 जानेवारी 1998 ला खुला झाला. दंडवते तेव्हा खासदार नव्हते. महामंडळ 1990 ला स्थापन झालं, ते उभारलं ई. श्रीधरन यांनी, रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस आणि तिजोरीच्या किल्ल्या अर्थमंत्री दंडवत्यांकडे. मागणी त्याहून कितीतरी जुनी, नाथ पैंच्या काळातली. म्हणजे 'आणली' या एका क्रियापदात निदान तीन माणसांचं काम कोंबलेलं असतं. दंडवत्यांचा वाटा त्यामुळे कमी होत नाही, उलट नेमका होतो: विरोधी बाकावरून मागणी, आणि निर्णयाच्या वेळी पैशाच्या खात्यावर बसलेला कोकणचा खासदार.

संगणकाद्वारे आरक्षणाची पहिली खिडकी दिल्लीत 1980 च्या दशकाच्या मध्यात उघडली. दंडवते तेव्हा रेल्वेमंत्री नव्हते. त्यांच्या काळात या विषयाची तयारी कितपत झाली, हे त्यांच्या तिन्ही रेल्वे अर्थसंकल्पांच्या (1977, 1978, 1979) भाषणांतून आणि त्यावरच्या चर्चेतून काढा. जेवढं सापडेल तेवढंच लिहा.

गाद्यांचं प्रकरण मात्र भक्कम आहे. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळ्या असत, त्यांवर दोन इंच फोम टाकण्याचा निर्णय त्यांचा. इथे 'तिसऱ्या वर्गाच्या फळ्या' लिहू नका, तिसरा वर्ग 1974 लाच बंद झाला होता. याच धोरणातली डिसेंबर 1977 ची मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस, तिच्यात पहिला वर्गच ठेवला नव्हता. 1974 च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना परत कामावर घेतलं, तेही त्यांनीच. त्यासाठी 1977 मधली मंत्र्यांची निवेदनं शोधा. ते अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 ला रद्द झाला, त्याचा पुरावा कायद्याच्या पुस्तकातच आहे. अशा कामांना कुणाच्या आठवणींचा टेकू लागत नाही, म्हणून लेखात त्यांनाच जास्त जागा द्या.

समित्यांचं थोडक्यात. आज दिसणाऱ्या खातेनिहाय स्थायी समित्या 1993 पासूनच्या. त्याआधी लोकलेखा, अंदाज आणि सार्वजनिक उपक्रम या तीन वित्तीय समित्या मुख्य. त्यांचं वर्ष 1 मे ते 30 एप्रिल, म्हणून '1973-74' चा अर्थ आर्थिक वर्ष असा घेऊ नये. सदस्यांची यादी प्रत्येक अहवालाच्या सुरुवातीला असते. अशासकीय विधेयकं शुक्रवारच्या दुपारी येतात आणि त्यांतली बहुतेक लोकसभा विसर्जित होताच व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपतात. 'विधेयक मांडलं' आणि 'कायदा केला' यांत गल्लत करू नका.

लिहिताना

आत्मकथन, मुलाखती, सहकाऱ्यांच्या आठवणी सांगाडा पूर्ण झाल्यावर वाचा. आधी वाचल्या की त्यांतला क्रम डोक्यात बसतो आणि मग कागद त्या क्रमात बसवले जातात. प्रत्येक लोकसभेची 'सदस्य परिचय' पुस्तिका मिळते, पण तिच्यातली माहिती सदस्याने स्वतः भरून दिलेली असते. जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय यांसाठी ती पुरते, 'संस्थापक' आणि 'प्रमुख नेते' यांसाठी दुसरा पुरावा हवा. विधान परिषदेचं वर्ष दिल्लीच्या खंडांत सापडणार नाही, त्यासाठी मुंबईत विधानभवनाच्या ग्रंथालयात चौकशी करावी लागते. 1996 ते 1998 मधलं नियोजन आयोगाचं उपाध्यक्षपद संसदीय कारकिर्दीत मोडत नाही, ते वेगळ्या परिच्छेदात ठेवा.

हजार-दीड हजार शब्दांचा लेख असेल तर पाचही लोकसभांना सारखी जागा देऊ नका. एक पूरक प्रश्नोत्तर सविस्तर, एक अर्थसंकल्पी निर्णय सविस्तर, बाकी तारखा. तळटीप अशी द्या: लोकसभा वादविवाद, मालिका, खंड, अंक, तारीख, स्तंभ. विशेषण लिहायचा मोह झाला की त्या विशेषणाला तळटीप देता येते का ते बघा, देता येत नसेल तर ते वाक्य काढून टाका.